विस्तव नसलेली कविता

बायरनची 'प्रॉमिथिअस' ही कविता मी गेली अनेक वर्षे बी. ए.च्या वर्गाला शिकवीत आले आहे. इतक्या वर्षांत शिकवण्याची एक ठरलेली रीत होऊन बसते, तशी माझीही झाली आहे. आधी फळ्यावर साल लिहायचे, १८१६. मग ग्रीक पुराणकथा सांगायची. देवांनी राखून ठेवलेला अग्नी प्रॉमिथिअसने चोरला, पोकळ देठात लपवून तो माणसांपर्यंत आणला. संतापलेल्या झ्यूसने त्याला दूरच्या एका कड्याला साखळदंडांनी जखडले. रोज एक पक्षी येऊन त्याचे यकृत खाई आणि रात्रीतून ते पुन्हा वाढे. वर्ग गोष्टीत रमतो. एकदा गोष्ट रंगली की कविता आपोआप समजल्यासारखी वाटते, शिकवणाऱ्यालाही आणि शिकणाऱ्यालाही.

गेल्या पावसाळ्यात शेवटून दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. शहराच्या पूर्व भागातली, घरात यंत्रमाग, घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीतून. सहसा न बोलणारी. ती म्हणाली, "मॅडम, या कवितेत विस्तव कुठं आहे?"

"पहिल्याच कडव्यात असेल, नीट बघ," मी म्हणाले.

"नाही मॅडम. दोनदा वाचली."

मी पुस्तक हातात घेतले. तीन कडवी, एकोणसाठ ओळी. विस्तव नव्हता. झ्यूसच्या हातात थरथरणारी वीज होती, पण माणसांच्या चुलीत पेटणारा, ज्याच्यासाठी हे सारे घडले तो विस्तव कुठेच नव्हता. यकृतही नव्हते. गिधाडाचा उल्लेख खडक आणि साखळी यांच्या जोडीने एकदाच, यादीतल्या नोंदीसारखा येऊन गेला होता. नायकाचे नावसुद्धा शीर्षकाखेरीज कुठे नव्हते. कवी त्याला 'टायटन' म्हणून हाक मारतो. मी इतकी वर्षे जी कविता शिकवत होते तिचा निम्मा भाग मीच वर्गात सांगितलेल्या गोष्टीतून आला होता.

तास संपायला पाच मिनिटे होती. मी म्हणाले, "चांगला प्रश्न आहे, उद्या बोलू." अडचणीत सापडलेल्या प्राध्यापकाचे हे जुने वाक्य. परंतु त्या रात्री कविता पुन्हा वाचताना मला दुसराच एक प्रश्न आठवला. तो याच कवितेविषयी आमच्या घरात, तीस वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि त्याचेही उत्तर मी दिले नव्हते.

माझे वडील एका कापड गिरणीत जॉबर होते. गिरणीचे नाव सांगण्याचे कारण नाही; सोलापुरात त्या काळी ज्या बंद पडल्या त्यांतली ती एक. ज्या गावात घड्याळाऐवजी भोंग्यावर स्वयंपाक होत असे, त्या गावातले भोंगे एकामागून एक मुके होत गेले. वडिलांच्या गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा मी इंग्रजी घेऊन एम. ए. करत होते. (त्या वेळी इथली महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ साली मिळाले.) पगार थकले होते, फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे एक कागद फिरू लागला. जी रक्कम देऊ केली आहे ती घ्या, सही करा, यापुढे आपले काही मागणे नाही असे लिहून द्या. रक्कम हक्काच्या निम्मीही नव्हती. पुष्कळांनी सह्या केल्या. ज्यांच्या घरी लग्नाच्या मुली होत्या किंवा दवाखाने होते त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

वडिलांनी सही केली नाही. का केली नाही, हेही सांगितले नाही. कागद घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी पाणी दिले, कागद वाचला, घडी घालून परत केला. तो माणूस पुन्हा पुन्हा येत राहिला. वडील त्याला पाणी देत राहिले. त्यांच्याबरोबरीचे लोक मोर्चाला जात, घोषणा देत, बंद फाटकासमोर भाषणे करत. वडील त्यांतही नसत. ते ओसरीवर बसून असत. आम्हा भावंडांना वाटे, अप्पा खचले. आता वाटते, तसे नव्हते. पण त्यांच्या न बोलण्याला नेमके काय म्हणावे हे मात्र मला कळत नव्हते.

त्याच उन्हाळ्यात मी बायरन वाचत होते. बायरनने ही कविता जिनिव्हा सरोवराच्या काठी लिहिली ते १८१६ साल 'उन्हाळ्याविना साल' म्हणून ओळखले जाते. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता, त्याची राख आकाशात पसरून युरोपभर थंडी आणि पाऊस पडत राहिला. त्या गारठ्यात लिहिलेली कविता मी सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली बसून वाचत होते. दुसऱ्या कडव्यापाशी आले आणि एकदम ओसरीवर बसलेले अप्पा दिसले. बायरनचा टायटन काहीही करत नाही. तो साखळी तोडत नाही, शाप देत नाही. त्याला भविष्य ठाऊक आहे, झ्यूसचा अंत कशाने होणार हे गुपित त्याच्याजवळ आहे, आणि ते तो सांगत नाही. सांगितले तर सुटका होईल. तो गप्प राहतो, आणि त्याचे ते गप्प राहणे हीच जुलमी सत्तेला सुनावलेली शिक्षा ठरते, असे बायरन म्हणतो. बंड म्हणजे आरडाओरडा, मुठी, मशाली असे मानणाऱ्या वयात मला हे नवे होते. अप्पांच्या गप्प बसण्याला अखेर एक थोर नाव मिळाले होते.

मी ती कविता घरात मोठ्याने वाचली आणि मराठीत समजावून सांगितली. रात्रीची वेळ होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. गिरणी थांबल्यापासून आमचे घर तिच्या विड्यांवर चालत होते. पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मापाने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. दिवसाला हजार भरायच्या तर रात्रीचे अकरा वाजत. सकाळी कारखान्यात नेऊन दिल्या की त्यांतल्या काही नापास म्हणून बाजूला पडत, आणि त्यांचे पैसे मिळत नसत. माझी परीक्षेची फी त्यातून भरली गेली. धाकट्या भावाची कॉलेजची फी भरता आली नाही. त्याने शाळा संपताच एका दुकानात नोकरी धरली, आणि त्याविषयी तो आजतागायत एक शब्द बोललेला नाही. आमच्या घरात गप्प राहणारी माणसे एकाहून अधिक होती, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले.

मी कथा सांगितली, कवितेचा अर्थ सांगितला, थोडे भाषणही केले असावे. अप्पांनी एवढेच विचारले, "ते गिधाड रोज यायचं?"

"रोज."

"मग सवय झाली असंल दोघांना."

आई विडी बांधता बांधता म्हणाली, "त्याला बायको होती का?"

मी हसले. म्हणाले, "आई, कवितेत बायको नाहीये."

"असंल की. एवढा मोठा माणूस. तो तिथं बांधून बसला, मग घर कोण बघत होतं?"

मला त्या वेळी तो प्रश्न बाळबोध वाटला. महाकाव्याच्या उंचीवरच्या आकृतीला आई चुलीपाशी ओढून आणते आहे, असे वाटले. पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात ही कविता शिकवताना वडिलांचे उदाहरण दिले, सही न केलेल्या कागदाची गोष्ट सांगितली. वर्ग भारावून गेला. दोन मुलींच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवशी घरी आले तेव्हा आई विड्यांच्या जुड्या मोजत होती, आणि तिचा उल्लेख मी त्या गोष्टीत केला नव्हता हे मला तेव्हाही जाणवले नाही.

आता कवितेकडे. विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी एस्किलसच्या नावावर असलेले 'प्रॉमिथिअस बाउंड' हे नाटक पुन्हा काढले. (ते त्याचेच की नाही याविषयी अलीकडच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, तो वाद इथे बाजूला ठेवते.) या नाटकाचा नायक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी खिळलेला आहे, आणि तरीही रंगभूमी सतत माणसांनी, किंवा देवांनी म्हणा, भरलेली आहे. समुद्रकन्या येतात आणि जात नाहीत. त्यांचा पिता ओशनस येतो, समजुतीच्या गोष्टी सांगतो. झ्यूसच्या वासनेपायी गाय होऊन रानोमाळ हिंडणारी आयो येते. साऱ्या नाटकात प्रॉमिथिअससमोर येणारी मर्त्य व्यक्ती ती एकटीच. शेवटी हर्मिस येतो, गुपित सांग म्हणून धमकावतो. समुद्रकन्यांना तो बजावतो की तुम्ही बाजूला व्हा, नाहीतर तुम्हीही सापडाल. त्या बाजूला होत नाहीत. एस्किलसचा प्रॉमिथिअस बोलका आहे. तक्रार करतो, बढाई मारतो, आपण माणसांना काय काय दिले याची यादी वाचतो. घरे बांधणे, ऋतू ओळखणे, अंक, अक्षरे, औषधे, जहाजे. ऐकणारे कुणीतरी आहे म्हणून तो बोलतो.

बायरनने हे सगळे काढून टाकले. समुद्रकन्या नाहीत, आयो नाही, हर्मिसही नाही. खडक रिकामा आहे. आणि हे अनवधानाने झालेले नाही. पहिल्या कडव्याच्या शेवटी तो म्हणतो की हे दुःख एकांतातच बोलते, आणि तेव्हाही आभाळ ऐकत तर नाही ना या शंकेने आपला सुस्कारा दाबून धरते. ऐकणारे कुणी नसणे ही या टायटनची शिक्षा राहत नाही, ती त्याची अटच होऊन बसते. तिसऱ्या कडव्यात माणूस येतो, पण तो प्रॉमिथिअसला भेटायला आलेला माणूस नव्हे. तो 'मनुष्य' आहे, एकवचनी, भाववाचक म्हणावा इतका. स्वतःच्या एकाकी, कुणाशी न जोडलेल्या अस्तित्वासाठी त्या खडकाकडून धडा घेणारा. ज्यांना ऊब मिळाली ते लोक कुठे आहेत? विस्तव कवितेत नाही, कारण विस्तवाभोवती माणसे बसतात. विस्तव आणला की घोळका आणावा लागेल, आणि ही कविता घोळक्याची नाही. विद्यार्थिनीच्या प्रश्नाला माझे उत्तर हे होते; ते मी तिला पुढच्या तासाला दिले.

याचा अर्थ कविता खोटी आहे असा मी करत नाही. शेलीने चारच वर्षांनी, १८२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या चार अंकी 'प्रॉमिथिअस अनबाउंड'मध्ये नायकाला सोडवले, त्याला आशिया नावाची प्रेयसी दिली, सारे विश्व गाते केले. विचार म्हणून ते उदात्त आहे. पण खरे सांगायचे तर ज्या दिवसांत आमच्या घरी सही मागणारा माणूस येत होता, त्या दिवसांत मला शेलीचा काहीही उपयोग झाला नसता. सुटका होणार नाही, कुणी येणार नाही, हे गृहीत धरूनही ताठ कसे राहावे हे सांगणारी कविताच तेव्हा हवी होती. बायरनच्या त्या रिकाम्या खडकाने मला आधार दिला हे मी नाकारू शकत नाही. शिवाय त्याने दयाळूपणालाच या देवाचा गुन्हा म्हटले, यात सगळे येते.

तरीही दोन गोष्टी खटकत राहतात. एक म्हणजे गुपित. टायटनचे मौन प्रभावी आहे, कारण त्याच्याजवळ झ्यूसला हवे असलेले काहीतरी आहे. अप्पांजवळ काय होते? एक सही. ती नसल्याने गिरणीच्या मालकांच्या हातातली वीज थरथरली असेल असे मला वाटत नाही. शेकडो सह्यांमध्ये एक जागा कोरी राहिली, एवढेच. रोमँटिक कविता दुबळ्याच्या मौनाला शक्तिमानाच्या मौनाची भाषा देते. ती भाषा उसनी घेताना मी हा फरक लपवला होता.

दुसरी गोष्ट आईच्या प्रश्नाची.

पण त्याआधी थोडे गावाविषयी बोलायला हवे, कारण सोलापुरात बंडाची कविता शिकवायची आणि १९३० आठवायचे नाही हे शक्य नसते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरण्या ओस पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. लोक खवळले, पोलीस ठाण्यावर चालून गेले, न्यायालयाची इमारत पेटली, आणि पुढचे काही दिवस या शहरावर इंग्रजांचे राज्य नव्हते. १२ मेला मार्शल लॉ आला. मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिले गेले. ते सिद्धेश्वराच्या यात्रेचे, गड्ड्याचे दिवस. आजही संक्रांतीच्या आसपास गावात नंदीध्वजांची गर्दी उसळते, तेव्हा चार पुतळ्यांच्या चौकात त्याच आठवड्यात हार पडतात.

याच सोलापूरचे कवी कुंजविहारी, म्हणजे हरिहर गुरुनाथ कुलकर्णी. त्यांची 'भेटेन नऊ महिन्यांनी' ही कविता माझ्या आधीच्या पिढीतल्या लोकांना तोंडपाठ असे, अप्पांनाही होती. फाशी जाणारा तरुण आईला सांगतो की शोक करू नकोस, नऊ महिन्यांनी मी तुझ्याच पोटी परत येईन. ग्रीक पुराणाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण बायरनच्या कवितेशेजारी ती ठेवून पाहावी असे मी विद्यार्थ्यांना सांगत असते. टायटनला मरण नाकारले आहे. चिरंतन आयुष्य हीच त्याची वाईट देणगी. इकडे मरण समोर उभे आहे, आणि पुनर्जन्मावरच्या श्रद्धेने हा मुलगा त्याला नऊ महिन्यांच्या रजेइतके लहान करून टाकतो. मृत्यूचा विजय होऊ न देणे हे दोन्ही कवितांना साधायचे आहे. फरक एवढाच की मराठी कवितेत कुणीतरी ऐकायला आहे. बंडखोराचा शेवटचा शब्द आभाळाला, इतिहासाला किंवा मनुष्यजातीला उद्देशून नाही, आईला उद्देशून आहे. आपल्याकडचा रोमँटिसिझम इंग्रजी शिकवणीतून आला हे खरे, पण तो घरात शिरताना चपला उंबऱ्याबाहेर काढून आला, असे मला कधीकधी वाटते.

मात्र इथेही आईचा प्रश्न पाठ सोडत नाही. परत येण्याचे वचन मुलगा देतो, ते पाळायचे कष्ट कुणाचे? नऊ महिने कुणाचे?

बायरनला विणकर ठाऊक नव्हते असे कुणी समजू नये. २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहात त्याने केलेले पहिलेच भाषण नॉटिंगहॅमशायरच्या विणकरांच्या बाजूचे होते. मोजे विणण्याची यंत्रे फोडणाऱ्यास फाशी द्यावी असा कायदा येऊ घातला होता; आपण नुकतेच त्या भागात राहून आलो आहोत, ही माणसे उपाशी आहेत, असे त्याने सांगितले. कायदा तरीही मंजूर झाला. १८१६च्याच शेवटी, 'प्रॉमिथिअस'नंतर काही महिन्यांनी, त्याने यंत्रे फोडणाऱ्या लडाइट लोकांवर एक गाणे लिहिले, त्यात मात्र घोळका आहे. हे सांगितल्यावर शेवटून दुसऱ्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "मग त्याला आमच्याकडचं माहीत होतं." मला तिचे ते 'आमच्याकडचं' फार आवडले. म्हणजे खडक रिकामा ठेवणारा कवी माणसांना ओळखत नव्हता असे नाही. त्याने निवड केली.

ती निवड किती जाणीवपूर्वक होती हे मला याच सुमारास कळले. हॅरो शाळेत असताना बायरनने एस्किलसच्या त्याच नाटकातल्या एका समूहगीताचा इंग्रजी पद्यानुवाद केला होता. १८०४चा डिसेंबर, वय सोळा. तो पुढे १८०७च्या त्याच्या 'अवर्स ऑफ आयडलनेस' या संग्रहात छापला गेला. हा संग्रह आपण सहसा वाचत नाही, कोवळ्या वयातले लेखन म्हणून ओलांडून जातो. मीही ओलांडला होता. नाटकात समुद्रकन्या जखडलेल्या प्रॉमिथिअसकडे पाहून म्हणतात की तुझ्या लग्नात आम्ही गायलो होतो ते गाणे किती वेगळे होते. ती नवरी त्यांचीच बहीण होती. तिचे नाव हेसिओनी. साऱ्या नाटकात ती एवढीच येते, एका आठवणीपुरती. आणि सोळा वर्षांच्या बायरनने साऱ्या नाटकातून अनुवादाला घेतलेला तुकडा नेमका हाच. नवऱ्याशेजारी लाजून बसलेली हेसिओनी त्या शाळकरी ओळींत नावानिशी आहे.

बारा वर्षांनी त्याने 'प्रॉमिथिअस' लिहिली तेव्हा ती नव्हती. १८१६च्या जानेवारीत बायरनची पत्नी महिन्याभराची मुलगी घेऊन माहेरी गेली, एप्रिलमध्ये त्याने इंग्लंड सोडले, आणि ती मुलगी त्याला पुन्हा कधी दिसली नाही. इथे चरित्रात्मक टीकेचा मोह अनावर होतो. तो मी आवरते, कारण तेच काम मी स्वतः, लग्न मोडलेले नसताना, जिनिव्हाच्या गारठ्यात नसताना, भर वर्गात केले होते. मीही आईला गोष्टीतून काढून टाकले होते. तिच्याशिवाय गोष्ट अधिक भव्य होत होती.

अप्पा २००३ साली गेले, सही न करता. त्यानंतर काही वर्षांनी थकबाकीचा काही भाग वारसांना मिळणार असे कळले. कागद आला. वारस म्हणून आईने सही केली. तिला लिहिता येते. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळे काढून ती लिहिते. मी शेजारी उभी होते. तिने कागद वाचलाही नाही. मी म्हणाले, "आई, वाचून तरी बघ." ती म्हणाली, "त्यांनी वाचला होता की."

आता तिने विड्या सोडल्याला बराच काळ झाला. बोटे वाकडी झाली आहेत, तंबाखूच्या धुळीचा खोकला गेलेला नाही. हेसिओनी सापडल्यावर त्या रविवारी मी तिला सांगायला गेले. मधली तीस वर्षे ओलांडून एकदम विषय काढावा कसा, हे कळत नव्हते. मी म्हणाले, "आई, तो डोंगराला बांधलेला माणूस आठवतो? गिधाडवाला?"

तिला आठवत होता.

"त्याला बायको होती. तू विचारलं होतंस ना."

"बघ," ती म्हणाली. "नाव काय?"

"हेसिओनी."

तिने एकदा म्हणून पाहिले, जमले नाही, सोडून दिले. "मग तिचं पुढं काय झालं?"

"नाटकात नाही ते. लग्न झालं एवढंच आहे. काही कथांत एक मुलगा होता म्हणतात."

आईने थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "मग करत असंल कुठंतरी काम."